घोडीशी बोलताना

घोडीला आपल्या अगदी पाठीमागचं दिसत नाही. म्हणून चाबुकस्वार तिच्या मागून फिरताना सतत बोलत होता. रानातून धरून आणलेल्या जनावराला माणूस कुठे आहे ते आवाजावरून कळायला हवं. आवाज तुटला की लाथ बसते.

"शहाणी गं माझी राणी. कुठं जायचं नाही आपल्याला. हळू, हळू."

त्याचा आवाज खरखरत होता. बायको घोडीच्या पुढ्यात दोर धरून उभी होती.

"माझ्याशी नाही बोललात कधी इतकं गोड."

"तू लाथ मारत नाहीस."

"मारायला हवी होती."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. घोडीने कान मागे पाडले. त्याने लगेच तिच्या मानेवर हात ठेवला आणि पुन्हा बोलू लागला.

खोगिराची तिला आता सवय झाली होती. माणूस मात्र अजून पाठीवर बसला नव्हता. उद्या सकाळी त्याच्या घशाची शस्त्रक्रिया होती. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार होते. आज आराम करा, असं बायकोने सांगून पाहिलं होतं. "आवाज गेल्यावर नवं जनावर कोण देणार माझ्या हाती?" एवढंच तो म्हणाला होता.

त्याने रिकिबीत पाय ठेवला आणि खोगिरावर पोटावर आडवं होऊन भार टाकला. घोडीची कातडी थरथरली. तो बोलत राहिला. लाडाचे शब्द संपले, तरी सूर तोच होता.

"उद्या आवाज जाणार गं, राणी. जीव वाचेल म्हणतात. घरी सांगितलंय, मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं गं. पडल्या पडल्या सगळ्यांची नावं घेऊन बघतो. हाक कशी मारायची मग?"

घोडीचा एक कान त्याच्याकडे वळला. बायकोच्या हातातला दोर ताणला गेला होता. लक्षात येताच तिने तो सैल सोडला.

पाय पलीकडे टाकून तो सरळ बसला आणि त्याने ओठ मिटून घेतले.

"बोला ना," ती कुजबुजली.

त्याने मान हलवली. यापुढे घोडीच्या पाठीवर मुकाच माणूस असणार होता. तिला ते आजच कळायला हवं होतं.

घोडीचं अंग आवळून आलं. डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं. मागचे पाय पोटाखाली सरकले.

"ऐकलं मी सगळं," बायको म्हणाली. त्याच्याच सुरात, हळू, शब्द लांबवत. "मलाही भीती वाटते हो. हाक नका मारू. टाळी वाजवा, भांडं आपटा, मी येईन. तुम्ही फक्त घरी या."

घोडीने मोठा श्वास सोडला. मान खाली आली. तिने एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. रिंगणाची फेरी पुरी होईपर्यंत बायको तिच्या पुढे चालत राहिली, बोलत राहिली. शेवटी शेवटी ती काय बोलत होती, ते तिलाही कळत नव्हतं.

तो उतरला. बायकोपाशी येऊन त्याने तोंड उघडलं. नुसती खरखर आली. तो खाकरला आणि पुन्हा प्रयत्न करू लागला.

तिने त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"आता नको. संध्याकाळी लेकीचा फोन येईल. तिच्यासाठी ठेवा."