मूळ गोळी, स्वस्त गोळी आणि मेव्हणा

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, टिल्लू, पण तुमच्या हातातली ही गोळी माझ्याच रक्तावर पास झाली!"

शेजारचे टिल्लू डोकं धरून बसले होते. रक्तदाबाची नेहमीची गोळी संपलेली, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली ही स्वस्तातली घशाखाली उतरेना. "दोन्ही सारख्याच कशावरून?" एवढंच त्यांचं परवापासून चाललेलं.

"अहो, चाचणी असते," मी सरसावलो. "एकाच माणसाला आधी मूळ गोळी द्यायची, मग काही दिवसांनी नवी, आणि दोन्ही वेळा रक्त काढून बघायचं. मूळ गोळी रक्तात जेवढी उतरते ते शंभर धरायचं. नवीचा आकडा, अंदाजातली चूक धरूनसुद्धा, ऐंशी ते सव्वाशेत बसला की झाल्या सारख्या! मूळ गोळी मी घेतली. नवीच्या दिवशी घरी आमरस होता, आणि तिथे जायचं उपाशी पोटी. मग माझ्या नावावर हिच्या भावाला धाडलं. माझ्या दुप्पट देह, तोंडात तंबाखू. तरी आकडा आत! साहेब म्हणाले, गोळ्या सारख्या. मी म्हटलं, गोळ्यांचं राहू द्या, मेव्हणा आणि मी सारखे निघालो!"

टिल्लूंचा चेहरा उतरला. "म्हणजे ही मेव्हण्याच्या जिवावर पास झालेली!" म्हणत त्यांनी गोळी डबीत परत टाकली.

आमची ही पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. "गिळा ती मुकाट्यानं, भावजी. यांना सुई दिसली तरी घेरी येते. आणि आम्ही पाच बहिणीच. मला भाऊ कुठून आला?"