हिरवा खडू

जोडप्यांसाठीच्या शरीर आणि स्पर्शाच्या कार्यशाळेला टेलरबाईनं नवऱ्याला अक्षरशः ओढून आणलं होतं. मोठ्या कागदावर आडवं होऊन प्रत्येकानं आपल्या देहाची आकृती काढून घेतली आणि जिथे स्पर्श आवडतो, तिथे हिरवा खडू फिरवला. मग बिननावाचे कागद भिंतीवर लागले. आपला जोडीदार ओळखायचा.

डावा खांदा अर्धा इंच उतरता. बाईनं नवरा लांबूनच ओळखला. अख्खा देह कोरा. फक्त मान, खांदे, छाती आणि मनगटावर हिरवे पट्टे.

“अहो, एवढंच?” ती खुदखुदली.

“माप घेताना तुझा हात लागायचा ना, तेवढ्याच जागा,” तो खाली बघत म्हणाला.

दरवेळी माप घ्यायची कटकट नको म्हणून गेल्याच वर्षी तिनं त्याच्या मापाचा कागदी साचा कापून ठेवला होता.