फिल्मपुरता दारुडा

तरुणांना मनासारखं काम मिळवून देणाऱ्या संस्थेचे दादा देणगीदारांसाठी फिल्म करायला संस्थेच्या मदतीने सुतार झालेल्या तिच्या सुतारखान्यात आले. "सांग, बाप दारू पिऊन मारायचा," दादा म्हणाले. ती चमकली. "बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. रंधा मारायला त्यांनीच शिकवलं." "अगं, तेवढ्याने कुणाला पाझर फुटतो? पुढच्या मुलींचं शिक्षण या फिल्मवर अडलंय." लाकडं रचणारे बाबा पुढे आले. "पोरींचं भलं होत असेल तर होतो मी दारुडा," म्हणत त्यांनी केस विस्कटले आणि झोकांड्या दिल्या. "वा, काका! आता हिच्यावर हात उगारा!" दादा खुशीत ओरडले. बाबांनी हात अर्धवट उचलला.  कपड्याला लावलेला माईक उपटून तिने दादांच्या हातात कोंबला. "आधी तुमच्या वडिलांना नाचवा असं," म्हणत तिने करवतीचं मशीन सुरू केलं. त्या घरघराटात दादांचे ओठ नुसतेच हलत राहिले.