पांढरेशुभ्र दात

शेवटच्या निवड चाचणीला अर्धा तास उरला होता. “बीटाचा रस घेतलास?” सरांनी विचारलं. “दीड महिना एकही दिवस चुकवला नाही, सर.” “मग सातव्या किलोमीटरला दम का संपतो?” धावपटूच्या बॅगेतून निळी बाटली घरंगळली. “हे काय?” “माउथवॉश. रसाने दात लाल होतात. फोटोत घाण दिसतील म्हणून आई लगेच चुळा भरायला लावते.” सरांनी बाटली उचलून पाहिली. “अगं, रसातून दम वाढवणारं द्रव्य तोंडातले जंतूच तर तयार करतात! तेच तू रोज मारत बसलीस.” पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. तेवढ्यात कुंपणापाशी आई आली. बीट किसून तिची बोटं लालभडक झाली होती. “लागू पडला ना गं रस?” “पडला, आई.” “मग हस बघू!” आईने मोबाईल रोखला. लेकीने पांढरेशुभ्र दात दाखवले.