सामना संपेपर्यंत

क्लबच्या मैदानावरल्या जळालेल्या गॅलरीचं लोखंडी फाटक वेल्डर कापत होता. आगीच्या दिवशी बंबवाल्यांनी शेवटी भिंत फोडली होती, त्यामुळे फाटक कुलपासकट तसंच राहिलं होतं. वेल्डरची बायको याच फाटकाला धरून मेली होती. शेजारी तिचा भाऊ उभा होता, बसवरचा कंडक्टर. महिनाभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं.

"या कमिटीला पानाची टपरी चालवता यायची नाही, दाजी, आणि निघालेत क्लब चालवायला! सामना संपेपर्यंत फाटक उघडायचं नाही, हा नियम कुठल्या शहाण्यानं काढला?"

"आपणच. हरायला लागलो की अर्धी गॅलरी उठून जायची. सभेत सगळ्यांनी हात वर केले. तुझ्या ताईनं तर दोन्ही."

"मग चावीवाल्यावर कमिटीनं लक्ष नको ठेवायला?"

"चावी दर सामन्याला आपल्यापैकीच एकाकडे असते. त्या दिवशी पाळी कुणाची होती, ते अध्यक्ष मला सांगत नाहीत. म्हणतात, कळून तुझी बायको परत येणार आहे का? आता तूच सांग, हा काय कारभार झाला?"

कापलेलं कुलूप कंडक्टरच्या पायाशी पडलं. ते अजून लालभडक होतं, तरी तो उचलायला वाकला.

"तिसरा गोल बसला, दाजी," तो म्हणाला. "मला बघवेना. बाहेरून कुलूप लावलं आणि चावी घेऊन घरी गेलो."