ताजमाहचा सिंह

"उचला हा, आणि चढवा परत ट्रॅक्टरवर," आलीमुराद काका म्हणाले.

तूतियाने सिंहाच्या मानेला मिठी मारली. शेळीएवढा दगडी सिंह, नुकताच आईच्या कबरीच्या उशाशी टेकवलेला. इस्फहानला आपल्या कामाच्या खोलीत तिने तो सदतीस दिवस घडवला होता. आईच्या लोकर रंगवायच्या भांड्यांतच मंजिष्ठ आणि डाळिंबाची साल उकळून रंगवला होता. पायाशी कोरलं होतं, 'ताजमाह'. आई गेल्याचा आज चाळिसावा दिवस. आज जो दगड बसेल तो कायमचा, नंतर कबरीवरचं काही हलवायचं नाही, अशी गावाची रीत. काकांनी करून आणलेली फरशी बाजूलाच आडवी पडली होती. तिच्यावर कोरलं होतं, 'सुलतानमुरादची पत्नी'. वडिलांचं नाव होतं, आईचं कुठेच नव्हतं.

उतारावर जुने सिंह उभे होते. बर्फाने नाकं झिजलेली, कुशीवर कोरलेल्या तलवारी आणि बंदुका. त्यातल्या एकाही सिंहाखाली बाई नव्हती.

"सिंह मर्दाच्या उशाशी असतो, पोरी," काका म्हणाले. "आणि हे काय रंगवलंयस? पळी? आता आमच्या सिंहांनी चुलीवर आशचं सूप ढवळत बसायचं का?"

ट्रॅक्टरजवळचे पुरुष हसले. हलव्याच्या ताटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकीही एक-दोघी हसल्या. तूतियाला तेच जास्त लागलं.

"पळी आहे, लोकर विंचरायची फणी आहे, आणि ती फुगवलेली पखाल आहे," ती म्हणाली. "पुरातून आईने तुम्हाला पखालीवर बसवून कारून नदी पार केली. तुम्हीच सांगायचात ना, काका?"

काकांनी फरशीवरची धूळ हाताने पुसली.

"सांगायचो. खोटं कशाला बोलू? म्हणून तर चांगली फरशी आणली. पण तलवार कुठाय? बंदूक कुठाय? उद्या पलीकडच्या गावाने विचारलं, कोण लढवय्या झोपलाय इथे, तर काय दाखवू त्यांना? पळी?"

"मग पळी काढते." हे आपणच बोललो यावर तूतियाचा विश्वास बसेना. "फणी काढते. सगळं काढते. तुम्ही म्हणाल ते रंगवते. फक्त याला उभा राहू द्या, काका. तिचं नाव तेवढं राहू द्या."

उत्तराची वाटही न पाहता ती गुडघ्यांवर बसली आणि छिन्नीने रंग खरवडू लागली. रंग निघेना. तुरटी घालून तीनदा उकळायचं, उतरला तर तो रंग कसला, असं शिकवणारी आईच. तूतियाच्या बोटांची सालटी निघाली, पळीचं टोकसुद्धा निघालं नाही. जन्मात पहिल्यांदा तिला आईचा राग आला. तिने दगडावर कपाळ टेकलं आणि सगळ्या गावादेखत ती हमसून हमसून रडू लागली.

"पुरे झालं," काका म्हणाले. "दोर आणा रे."

"थांबा."

परीगुल आत्या होती. काकांची थोरली बहीण. सकाळपासून ती एका जुन्या सिंहाला टेकून बसली होती.

"कात्री द्या कुणीतरी."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माणूस गेलं की इथल्या बाया वेणी कापून कबरीला बांधतात, आणि बांधलेल्या वेणीला पुरुषाने हात लावायचा नसतो. पण परीगुल आत्याने बाप गेला तेव्हा वेणी कापली नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. तिचा फरामर्झ सोळाव्या वर्षी लढाईवर गेला. तो परत आला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. एकदा कात्री लावली की लोक म्हणतील, आता पोरासाठीही कापून टाक, तोही गेलाच. म्हणून अडतीस वर्षं ती कात्रीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. वेणी पांढरी झाली, कमरेखाली आली. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि त्यावर कोणी कधी बोलत नसे.

"ताई, तू नको," काका म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली आला होता. "अगं, फरशीचं बघू आपण काहीतरी."

"गप्प बस, आलीमुराद. तू पखालीवर बसला होतास, मी मागे पखालीच्या टोकाला धरून होते. तिने मागे वळून मलाही ओढलं. ते नाही ना सांगत तू कुणाला?"

कुणीतरी कात्री दिली. लोकर कातरायची, बोथट. वेणी लवकर तुटेना. कात्रीचा आवाज तेवढा येत राहिला. मग आत्याने वेणी सिंहाच्या गळ्याभोवती दोनदा फिरवून गाठ मारली. पुरुषांनी दोर खाली टाकला.

सिंह राहिला. तूतियाने सदतीस दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, पण तिला आत्याकडे पाहवेना. आत्याचं डोकं अचानक फार लहान दिसू लागलं होतं.

आत्या सिंहाला वळसा घालून पलीकडे गेली. त्या कुशीवर काहीच रंगवलेलं नव्हतं. तिने तिथे तळहात ठेवला.

"ही बाजू रिकामी आहे का गं?"

"हो, आत्या."

"रंग उरलाय?"

"उरलाय."

"मग इथे एक बंदूक काढ," आत्या म्हणाली. "लहानशी काढ. मोठी माझ्या पोराला पेलायची नाही."