पाठीराखे

२००२ साली कुवेतमध्ये पश्चिम आशियाई स्पर्धा भरल्या. एसी हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कंपनीने आम्हा सुतारांना भर दुपारी साइटवरून उचललं, हातात कुवेतचे झेंडे दिले आणि हँडबॉल बघायला बसवलं.

शेवटच्या मिनिटाला कुवेत एका गोलने पुढे होतं. तेवढ्यात आमचा भिकाजी उठला आणि समोरच्या टीमसाठी घसा फोडून ओरडायला लागला. पाठोपाठ आम्ही सगळेच.

"खुळावलात काय रे?" फोरमन हनीफभाई खेकसले. "आपल्याला कुवेतसाठी आणलंय!"

"बरोबरी झाली तर मॅच लांबेल, हनीफभाय," भिकाजी म्हणाला. "नाहीतर आत्ताच बस परत साइटवर नेईल."


हनीफभाईंनी दारातून दिसणाऱ्या उन्हाकडे एकदा बघितलं, झेंडा गुंडाळून बगलेत मारला आणि तेही त्याच टीमसाठी ओरडायला लागले.